गोव्याचे खोबरेल: ओल्या नारळाचे आणि सुक्या खोबऱ्याचे

पणजी-मडगावच्या दुकानांत ‘व्हर्जिन कोकोनट ऑइल’च्या छोट्या बाटल्या आता सर्रास दिसतात. चेहऱ्याला, कोरड्या टाचांना, तान्ह्या बाळाच्या अंगाला लावायला लोक त्या घेतात. ओल्या नारळाच्या रसातून वेगळे केलेले हे तेल साध्या खोबरेलापेक्षा महाग असते आणि नव्या शोधासारखे विकले जाते. नवी आहे ती फक्त बाटली. कोकणपट्टीतल्या घरांत ओल्या नारळाचे तेल पिढ्यान्‌पिढ्या निघत आले आहे. त्याला आवेल म्हणतात.

याची लेखी साक्षही गोव्यातलीच आहे. गार्सिया द ओर्ता हा पोर्तुगीज वैद्य १५३४ मध्ये गोव्यात आला आणि उरलेला जन्म त्याने इथेच काढला. इथल्या औषधींवरचा त्याचा ग्रंथ १५६३ मध्ये गोव्यातच छापला गेला. त्यात नारळावर स्वतंत्र प्रकरण असून तेले दोन सांगितली आहेत: एक ओल्या खोबऱ्याचे, गरम पाण्यात पिळून वर तरंगलेले, दुसरे वाळवलेल्या खोबऱ्याचे. पहिले पोट साफ करायला, दुसरे आखडलेल्या शिरा आणि जुन्या सांधेदुखीवर अंगाला चोळायला. साडेचारशेहून अधिक वर्षांपूर्वी एका परदेशी वैद्याला जो भेद नेमका कळला होता, तो आज बाटलीवरच्या चकचकीत लेबलाखाली दडून जातो, याचे मला वाईट वाटते. कारण त्वचेला काय लावायचे हे ठरवताना तोच भेद कामाचा आहे.

आवेल काढणे हे वेळखाऊ काम. ओला नारळ खवायचा, कोमट पाण्यात कालवून घट्ट रस पिळायचा आणि जाड बुडाच्या कढईत मंद आचेवर ठेवायचा. पाणी आटत जाते, रस फुटतो, साका तळाला बसून तांबूस होतो आणि वर स्वच्छ तेल सुटते. साका करपला की तेलाला जळका वास लागतो, म्हणून कढईजवळून हलता येत नाही. इतके नारळ खर्चून हाती येते थोडेच. त्यामुळे ते जपून, बाळ-बाळंतिणीसाठी वापरायचे. हल्लीचे व्हर्जिन तेल बहुधा न उकळता, यंत्रावर काढतात. कच्चा माल मात्र तोच, ओला नारळ.

रोजचे तेल घाण्याचे. पाडेली माडावर चढून नारळ उतरवायचा. त्यातले काही फोडून उन्हात वाळवले जात आणि ते खोबरे तेल्याच्या घाण्यावर जाई. लाकडी घाण्याभोवती बैल फिरे, तेल घरी येई, पेंड गोठ्यात जाई. सासष्टीतल्या बाणावलीचा नारळ तर इतका नावाजलेला की बाणावली ही नारळाची एक जातच मानली जाते. घाण्याच्या या एकाच तेलात मासे तळले जात, देवापुढचा दिवा त्यावरच जळे आणि नरक चतुर्दशीच्या पहाटे, नरकासुर जळल्यावर, अभ्यंगाला तेच अंगभर चोळले जाई. खाण्याचे वेगळे आणि लावण्याचे वेगळे असे काही नव्हते.

अंगाला तेल लावणे इथे किती खोल रुजले होते, हे एका बंदीवरून कळते. १७३६ मध्ये गोव्यातल्या इन्क्विझिशनने, म्हणजे पोर्तुगीजांच्या ख्रिस्ती धर्मन्यायालयाने, स्थानिक चालीरीतींवर बंदी घालणारा लांबलचक आदेश काढला. त्यात लग्नाआधी वधूवरांच्या अंगाला हळद, दूध, खोबरेल, तांदळाचे पीठ आणि अबोलीचा पाला लावायलाही मनाई होती. मोडायला निघालेल्यांनीच गोव्याच्या उटण्याचे साहित्य कागदावर जपून ठेवले! आणि चाल काही मोडली नाही. हिंदू घरांत हळद लागत राहिली, ख्रिस्ती घरांत लग्नाच्या आदल्या दिवशीचा रोस राहिला. आजही नवरा-नवरीच्या अंगावर नारळाचा रस ओततात, तेल लावतात, नातेवाईक हात माखून हसतात. दोन्ही घरांतला नारळ एकच.

पुढे गिरणीचे तेल आले आणि घाणे मागे पडले. खोबरे नीट वाळले नाही तर बुरशी धरते. पांढरे राहावे म्हणून त्याला गंधकाची धुरी देतात. अशा खोबऱ्याचे तेल शुद्ध करून, रंग काढून, वाफेने वास घालवून विकता येते. ते टिकते आणि स्वस्त पडते, पण त्यात नारळाचा गंध उरत नाही आणि त्वचेला उपयोगी असे काही सूक्ष्म घटकही जातात. मग बाटली डोक्याची की स्वयंपाकाची, हा करापुरता वाद वर्षानुवर्षे चालला. १८ डिसेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने लहान बाटलीतले शुद्ध खोबरेलही खाद्यतेलच धरले. केसांचे तेल म्हणून ठरलेल्या अटींनुसार विकले तर गोष्ट वेगळी. आपल्या आज्यांना हे सांगायला न्यायालय लागले नसते.

या तेलात जवळजवळ निम्मा वाटा लॉरिक आम्लाचा. साधारण २४ अंशांना ते वितळते, म्हणून डिसेंबरच्या पहाटे थिजलेले तेल तळहातावर लगेच पातळ होते. त्वचेवर पातळ थर धरून ते आतला ओलावा उडू देत नाही. मुंबईत झालेल्या आणि २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, खोबरेलाने मालीश केलेल्या अपुऱ्या दिवसांच्या बाळांचे वजन खनिज तेलाच्या मानाने अधिक वाढले. फिलिपिन्समधल्या २००८ च्या अभ्यासात, इसब असलेल्या प्रौढांच्या त्वचेवरचे स्टॅफिलोकोकस जंतू व्हर्जिन खोबरेलाने ऑलिव्ह तेलापेक्षा जास्त कमी झाले.

सगळ्यांना ते मानवतेच असे नाही. तेलकट, मुरुमांच्या चेहऱ्यावर ते रंध्रे बुजवते. कोंड्यातली बुरशी मेदाम्लांवरच पोसली जाते, म्हणून खपल्या धरणाऱ्या कोंड्यावर तेल थापू नये. भाजल्यावर लगेच तेल नको, आधी गार पाणी. उन्हापासून बचावाला तर त्याचा भरवसा धरूच नये. बाकी कोरड्या अंगाला, अंघोळीनंतर कातडी ओलसर असतानाच, चार थेंब चोळावेत. घाण्याचे किंवा आवेल मिळाले तर तेच घ्यावे. घरच्या आवेलात पाण्याचा अंश राहिला तर ते लवकर खवट होते; म्हणून थोडेच काढावे, कोरड्या काचेच्या बाटलीत भरावे आणि चमचाही कोरडाच घालावा.