पोपटाच्या पिल्लाला हाताने भरवणे

स्वतः दाणे खाऊ न लागलेल्या पोपटाच्या पिल्लाला सिरिंजने किंवा कडा आत वळवलेल्या चमच्याने पातळ, गरम अन्न देण्याची पद्धत.

ठाणे-नवी मुंबईत आधी पाहायचे ते पिल्लू कोणते हे. कंठवाला पोपट जुन्या झाडांच्या ढोल्यांत आणि इमारतींच्या भोकांत साधारण जानेवारी ते एप्रिलमध्ये वीण घालतो; उशिराची पिल्ले पावसाळ्याआधीच्या छाटणीत खाली येतात. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार हा पोपट घरात पाळणे गुन्हा आहे, मग जीव कितीही लागो. असे पिल्लू खोक्यात उबेला ठेवून वन विभागाला (१९२६) कळवावे. घरी भरवायची वेळ येते ती कॉकाटील, बजरीगर, लव्हबर्ड या परदेशी जातींवर.

पिल्लू दगावते ते भुकेपेक्षा थंडीने आणि घाईने. पिसे न फुटलेल्या पिल्लाला अंगची ऊब धरता येत नाही आणि गार अंगात अन्न पचत नाही, म्हणून आधी ऊब, मग घास. मे महिन्यात पंख्याखाली घामाघूम बसलेल्या माणसाला हे पटवणे अवघड जाते. पिल्लाला मात्र तोच पंखा बाधतो.

अन्न म्हणजे पिल्लांसाठी मिळणारी तयार पावडर, दर वेळी ताजी कालवलेली. दूध-पोळी, दूध-बिस्किट नको. पक्ष्यांना दुधातली साखर पचत नाही. भरवताना अन्न ३८ ते ४१ अंश सेल्सिअस असावे. बोट बुडवून अंदाज घेऊ नये, थर्मामीटर वापरावा. मायक्रोवेव्हमध्ये अन्न कुठे कोमट तर कुठे कढत राहते. त्याने गळ्याखालची अन्नपिशवी, म्हणजे क्रॉप, आतून भाजते. हे लगेच दिसत नाही. काही दिवसांनी कातडीवर खपली धरते, भोक पडते आणि भरवलेले अन्न छातीवर ओघळते.

पिल्लू मान वरखाली हलवून घास मागते, तेव्हाच द्यावा. सिरिंजचे टोक पिल्लाच्या चोचीच्या डाव्या कोपऱ्यातून उजवीकडे रोखावे, कारण अन्ननलिका मानेच्या उजव्या बाजूने उतरते. मागत नसताना दट्ट्या दाबला की अन्न श्वासनलिकेत जाऊन न्यूमोनिया होतो किंवा पिल्लू जागीच गुदमरते. एका वेळचे अन्न वजनाच्या सुमारे दहा टक्के. भरलेला क्रॉप पाण्याच्या अर्ध्या फुग्यासारखा मऊ लागावा, टणक नको.

दिवसातून एकदा, बहुधा पहाटे, तो पूर्ण रिकामा व्हायला हवा. तुंबला तर आतले अन्न आंबते आणि बुरशी वाढते. त्यावर आणखी भरवणे म्हणजे आजार वाढवणे. रोज सकाळी पहिल्या घासाआधी वजन करावे. वाढत्या वयात ते घटले किंवा क्रॉप तुंबला, तर पक्ष्यांची माहिती असलेल्या पशुवैद्याकडे त्याच दिवशी न्यावे. कुत्र्या-मांजरांच्या प्रत्येक दवाखान्यात ते जमतेच असे नाही.

दाण्यावर येताना वजन थोडे उतरते, ते स्वाभाविक आहे. या काळात पिंजऱ्यात उकडलेला मका, कोथिंबीर आणि राळे ठेवावेत. पिल्लू स्वतः पोटभर खाऊ लागेपर्यंत रात्रीचा घास तोडू नये.