एका पुंगळीतून दुसरी: मोठ्या बोअरच्या काडतुसांची पार्श्वभूमी

रायफलीच्या काडतुसाची पितळी पुंगळी घेऊन तिच्यापासून वेगळ्या मापाचे काडतूस तयार करणे हा आज हौशी नेमबाजांचा आणि जुन्या बंदुका सांभाळणाऱ्यांचा खटाटोप समजला जातो. परंतु मोठ्या बोअरच्या (नळीच्या आतल्या व्यासाच्या) बाबतीत ही वाट मुळात लष्करी शस्त्रागारांनी आणि कारखान्यांनी पाडलेली आहे. त्याचे कारण पुंगळीच्या घडणीतच आहे. पुंगळीचे बूड जाड असते, त्याची रिम (कड) आणि प्रायमरचा, म्हणजे दारू पेटवणाऱ्या छोट्या टोपीचा, खळगा ठरावीक मापात ठोकून घडवलेला असतो, आणि बुडाचा व्यास नंतर जवळजवळ बदलता येत नाही. वरची भिंत मात्र पातळ असल्याने तिची लांबी कापता येते, मान (गोळी धरणारा वरचा भाग) साच्यात आवळता येते किंवा फुगवताही येते. त्यामुळे काडतुसांचे कूळ शोधायचे, तर गोळीच्या व्यासाआधी बुडाचे माप पाहावे लागते.

ब्रिटिश कुळाचा आरंभ १८५३ च्या एन्फिल्ड बंदुकीपासून धरता येतो. १८५७ च्या उठावात जिची चरबी लावलेली कागदी काडतुसे गाजली, तीच ही तोंडाकडून ठासण्याची, .५७७ इंच बोअरची बंदूक. जेकब स्नायडर या अमेरिकनाच्या योजनेनुसार १८६६ पासून याच बंदुका मागून भरता येतील अशा बदलून घेण्यात आल्या, आणि त्यांच्यासाठी वुलविचच्या रॉयल लॅबोरेटरीतील एडवर्ड बॉक्सर यांनी पातळ पितळी पत्रा गुंडाळून केलेले काडतूस तयार केले. १८७१ मध्ये मार्टिनी-हेन्री रायफल स्वीकारताना बोअर .४५० वर आणायचा होता. त्यासाठी आधी योजलेले सरळ, लांब काडतूस हाताळणीत नाजूक ठरत होते आणि त्याच्यासाठी रायफलीची यंत्रणाही लांब करावी लागली असती. तेव्हा स्नायडरचे रुंद बूड तसेच ठेवून वरची मान आवळण्यात आली आणि ‘५७७/४५०’ हे आखूड, बाटलीच्या आकाराचे काडतूस निघाले. नावातला पहिला आकडा मूळ पुंगळीचा, दुसरा आवळलेल्या मानेचा. ५००/४५०, ४५०/४००, ५७७/५०० ही शिकारी रायफलींची नावेही याच रीतीची आहेत.

गुंडाळलेला पत्रा फार काळ टिकला नाही. सुदानच्या मोहिमेत, जानेवारी १८८५ मधील अबू क्ली येथील लढाईत, तापलेल्या आणि वाळूने भरलेल्या रायफलींत काडतुसे अडकली. पुंगळी बाहेर ओढताना बूड निघून यायचे आणि पत्रा आतच राहायचा. त्यानंतर एकसंध ओढीव पितळाच्या पुंगळ्या सर्रास वापरात आल्या. पुढच्या सगळ्या रूपांतरांचा पाया हा बदल आहे, कारण गुंडाळलेल्या पत्र्याला साच्यात घालून नवा आकार देणे शक्यच नव्हते. जाता जाता एक गमतीची गोष्ट सांगण्यासारखी आहे. जुनी मार्टिनी-हेन्री चालवू पाहणारे हौशी लोक आज तिच्या पुंगळ्या बऱ्याचदा २४ गेजच्या (गेज हे छर्‍याच्या बंदुकीच्या बोअरचे माप) पितळी छर्‍याच्या काडतुसांपासून करतात. २४ गेजचा बोअर सुमारे .५७९ इंच, म्हणजे एन्फिल्डच्या मापाला जवळजवळ लागूनच असल्यामुळे हे जमते.

रूपांतराला सर्वांत मोठी चालना कायद्याने दिली, आणि तो कायदा भारताशी निगडित होता. जॉन रिग्बी यांनी १८९८ मध्ये कॉर्डाइट या बिनधुराच्या दारूवर चालणारे .४५० नायट्रो एक्सप्रेस आणल्यावर ते मोठ्या शिकारीचे मानाचे काडतूस झाले होते. परंतु ब्रिटिश सरकारच्या विरोधकांच्या हाती पडलेल्या मार्टिनी-हेन्री रायफलींना दारूगोळा मिळू नये म्हणून १९०७ च्या सुमारास भारत आणि सुदानमध्ये .४५० बोअरवर बंदी घालण्यात आली. नायट्रो एक्सप्रेसचे लांबलचक काडतूस मार्टिनीत बसणारच नव्हते, हे उघड असूनही बंदी बोअरवर होती. त्यामुळे बंदूक बनवणाऱ्यांची धावपळ उडाली आणि जोसेफ लँग यांचे .४७०, हॉलंड अँड हॉलंडचे ५००/४६५ अशी काडतुसे थोड्याच अवधीत बाजारात आली. .४७० साठी .५०० ची सव्वातीन इंची पुंगळीच मान आवळून घेतली होती. दुनळी रायफलींत आज सर्वाधिक ओळखीचे असलेले हे काडतूस अशा रीतीने एका प्रशासकीय आदेशातून जन्मले.

आकार बदलताना पितळाचे काय होते, याचा धडाही भारतानेच दिला. पावसाळ्यात घोड्यांच्या पागांत साठवलेल्या काडतुसांच्या पुंगळ्या काही काळाने आपोआप तडकलेल्या आढळत. साच्यात दाबताना धातूत उरलेला ताण आणि घोड्यांच्या मुतातून हवेत येणारा अमोनिया यांच्या संयोगाने हे घडते, असे संशोधकांनी १९२१ मध्ये स्पष्ट केले. सुमारे ७० टक्के तांबे आणि ३० टक्के जस्त असलेले हे पितळ दाबल्याने कडक होते. म्हणून मान आवळण्याचे वा रुंदावण्याचे काम टप्प्याटप्प्याने करून मध्ये ती तापवून नरम करावी लागते, आणि त्या वेळी बूड थंड राखावे लागते. बूड नरम पडले, तर दारूचा दाब पेलणारा भागच निकामी होतो. मान व्यवस्थित नरम झाली की पितळावर निळसर-तपकिरी झाक उतरते. कारखान्यातून आलेल्या अनेक पुंगळ्यांवर ती तशीच दिसते.

अमेरिकेत ही परंपरा काहीशी मोकळेपणाने वाढली. हॉलंड अँड हॉलंडची १९१२ ची .३७५ मॅग्नम पुंगळी, बुडाजवळच्या पट्ट्यासह, तिथल्या कितीतरी मोठ्या काडतुसांची जननी ठरली. १९५६ चे .४५८ विंचेस्टर मॅग्नम हे त्याच बुडावरचे, अडीच इंचांवर आखूड केलेले काडतूस. त्याचा जोर अपुरा वाटल्याने जॅक लॉट यांनी १९७१ मध्ये .३७५ ची पुंगळी सरळ फुगवून अधिक लांबीचे .४५८ लॉट तयार केले. रॉय वेदरबी यांनी १९५० च्या दशकात .४१६ रिग्बीच्या धिप्पाड पुंगळीच्या मापाला पट्टा जोडून .३७८ आणि नंतर .४६० वेदरबी आणली.

पुढे गंगा उलटी वाहिली. ब्रिटनच्या किनॉक कारखान्याने १९७० च्या आसपास मोठ्या शिकारी काडतुसांचे उत्पादन थांबवले, आणि चांगल्या स्थितीतल्या महागड्या रायफली दारूगोळ्यावाचून भिंतीवर टांगल्या गेल्या. तेव्हा .४६० वेदरबीच्या पुंगळीवरचा पट्टा लेथवर उतरवून, मान आवळून, पुन्हा .४१६ रिग्बी बनवण्याची रीत रूढ झाली. अशा पुंगळीचे बूड मूळ रिग्बीहून किंचित बारीक राहते. रिग्बीचे काडतूस उष्ण प्रदेशासाठी मुद्दाम कमी दाबाचे ठेवलेले असल्यामुळे ते निभावते. जुन्या किनॉक पुंगळ्या पुन्हा भरणे हा पर्याय होता, पण त्यांत बर्डन पद्धतीचा प्रायमर असे. त्यात ऐरण (जिच्यावर दाबून प्रायमर पेटतो तो उंचवटा) पुंगळीच्याच बुडात असते आणि तिच्या बाजूंना बारीक छिद्रे असतात, त्यामुळे वापरलेला प्रायमर मधल्या छिद्रातून सुईने सहज ढकलून काढता येत नाही. बर्डन हे अमेरिकन, तर तसा सहज निघणारा प्रायमर ब्रिटिश बॉक्सर यांचा. तरीही अमेरिकेने बॉक्सरचा स्वीकारला आणि किनॉक बर्डनच्या प्रायमरवर राहिला.

१९८० च्या दशकाच्या अखेरीस फेडरल कंपनीने .४७० आणि .४१६ रिग्बी ही काडतुसे नव्याने काढली, पुढे किनॉकचे नावही बाजारात परतले, आणि मुख्य मापांसाठी रूपांतराची निकड ओसरली. दुर्मीळ मापांना मात्र अजून तोच आधार आहे. अशा बदललेल्या पुंगळीच्या बुडावर जुन्याच काडतुसाचे नाव कोरलेले राहते, म्हणून जाणकार ती वेगळ्या डब्यात, ठळक चिठ्ठी लावून ठेवतात आणि मूळ मापाच्या पुंगळ्यांत कधीही मिसळू देत नाहीत.