पिल्लांनी बंद केलेले जठर

नामशेष प्राण्यांना पुन्हा जन्म देण्याच्या बातम्या आल्या की त्यांत ऑस्ट्रेलियातील एका बेडकाचे नाव हमखास निघते. मात्र तो परत येणार की नाही या चर्चेत, तो मुळात काय करत असे हे सांगायचेच राहून जाते. ऱ्हीओबॅट्राकस सायलस या क्वीन्सलँडच्या डोंगराळ ओढ्यांतील बेडकाचे वर्णन १९७३ साली प्रसिद्ध झाले आणि लवकरच पाळलेल्या एका मादीच्या तोंडातून जिवंत पिल्ले बाहेर पडताना दिसली. ती जठरात वाढली होती.

मादी फलित अंडी गिळत असे. जठर म्हणजे हायड्रोक्लोरिक आम्ल आणि पेप्सिन या विकराचे कोठार. तिथे अंडी पचायलाच हवीत. ती वाचत, कारण अंड्यांभोवतीच्या जेलीत प्रोस्टाग्लँडिन ई-२ हे द्रव्य असे. आम्ल स्रवणाऱ्या पेशींत चक्रीय एएमपी हा निरोप्या रेणू वाढला की हायड्रोजन आयन बाहेर ढकलणारे पंप जोर धरतात. प्रोस्टाग्लँडिन नेमका हा निरोप्या घटवते आणि पंप मंदावतात. पेप्सिनला काम करायला आम्लच लागत असल्याने एकाच फटक्यात दोन्ही शस्त्रे बोथट होतात. आपल्या जठराच्या अस्तरातही हेच द्रव्य आम्लाला आवर घालते. अंडी फुटल्यावर टॅडपोल ते स्वतः स्रवू लागत: ते ज्या पाण्यात ठेवले होते, त्या पाण्याने भेकाच्या (टोड या दुसऱ्या प्रकारच्या बेडकाच्या) जठराच्या अस्तरातील आम्लस्राव प्रयोगशाळेत रोखला गेला. म्हणजे याला आईचा त्याग म्हणून गहिवरणे चुकीचे आहे; जठर बंद करण्याचा हुकूम पिल्लांचा असे.

सुमारे सहा आठवडे मादी काहीही खात नसे. टॅडपोल अंड्यातील पीतकावर जगत आणि जठर एवढे फुगे की फुप्फुसे दबून तिला मुख्यतः त्वचेवाटे श्वास घ्यावा लागे. शेवटी वीसहून अधिक पूर्ण घडलेली बेडूकपिल्ले तोंडावाटे बाहेर येत.

रानात हा बेडूक १९८१ नंतर दिसला नाही. २०१३ मध्ये गोठवलेल्या ऊतींतील पेशीकेंद्रके दुसऱ्या जातीच्या बेडकाच्या अंड्यांत घालून भ्रूण तयार केल्याचे जाहीर झाले, पण ते काही दिवसच टिकले. तरीही 'बेडूक परतला' अशी हाकाटी झाली.

याच्या भावंडाची, ऱ्हीओबॅट्राकस व्हिटेलिनसची, गोष्ट आणखी छोटी आहे. ही जात १९८४ साली सापडली. तीही पिल्ले जठरातच वाढवत असे, परंतु तिच्या जठराची रचना सायलसप्रमाणे बदलत नसे. १९८५ नंतर तीही कुणाला दिसली नाही.