बालवाडीतली परात

बालवाडीत स्वयंपाक म्हटला की बहुतेक ठिकाणी भेळ होते. बाई कांदा-टोमॅटो घरून चिरून आणतात, मुलं चुरमुरे कालवतात, फोटो निघतात. मुलं खूश होतात, पण शिकण्यासारखं जे होतं ते आधीच उरकलेलं असतं. माझं म्हणणं असं, की चार-पाच वर्षांच्या मुलांपुढे दोन पिठं ठेवावीत: एक गव्हाचं, एक ज्वारीचं.

पाणी मुलांनीच घालायचं, चमच्याने, मोजून. कणीक आधी बोटांना चिकटते, मग मळता मळता हात सोडते. गोळा ओढला तर लांबतो. ज्वारीचा गोळा ओढला की तुटतो, थापायला घेतला की कडेला चिरा पडतात. गव्हात ग्लुटेनिन आणि ग्लायडिन ही प्रथिनं असतात. पाणी मिळालं आणि मळणं झालं की त्यांची लवचीक जाळी विणली जाते, तिलाच ग्लुटेन म्हणतात. ज्वारीत ते होत नाही. म्हणून तर भाकरीच्या पिठात कडकडीत पाणी घालतात: साधारण 70 अंश सेल्सिअसला पिठातला स्टार्च फुगून चिकट होतो आणि पीठ धरून ठेवतो. हे पाणी बाईंनीच ओतायचं. पीठ कोमट झालं की मुलांनी पुन्हा थापून बघायचं.

ग्लुटेन हा शब्द मुलांना सांगायची काहीच गरज नाही. ‘आता काय होईल?’ एवढं विचारावं आणि थांबावं. आधी अंदाज बांधायचा, मग करून बघायचं, हा विज्ञानाचा गाभा आहे आणि तो या वयात सहज जमतो.

कणकेचे दोन सारखे गोळे करून एकाची लांब वळी करा आणि विचारा, पीठ कशात जास्त? बरीच मुलं वळीकडे बोट दाखवतील. स्विस मानसशास्त्रज्ञ जाँ पियाजे यांनी हाच प्रयोग मातीच्या गोळ्यांवर केला होता. आकार बदलला तरी ऐवज तेवढाच राहतो, ही समज साधारण सहा-सात वर्षांच्या पुढे पक्की होते. तेव्हा ‘चुकलं’ म्हणू नका. वळीचा परत गोळा करू द्या, दोन्ही गोळे हातात धरू द्या.

याच वयात अनोळखी पदार्थ नाकारण्याची खोडही जोरात असते. ती हट्टीपणाची नाही, वाढीच्या टप्प्याचा भाग आहे. पदार्थ पुन्हा पुन्हा समोर आला, हाताळायला मिळाला, तर चाखून बघण्याची तयारी वाढते. पालक घालून स्वतः मळलेल्या कणकेची पुरी म्हणूनच करून बघण्यासारखी आहे. मात्र हात आधी साबणाने धुवायचे, कच्चं पीठ तोंडात जाऊ द्यायचं नाही, तवा-कढईपाशी फक्त मोठ्यांनी जायचं. गव्हाचं कुणाला वावडं आहे का, तेही पालकांना आधी विचारून घ्यायचं.

यासाठी वेगळी खरेदी लागत नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 पासून बोर्डीला, पुढे कोसबाडला गावात मिळणाऱ्या वस्तूंवरच बालशिक्षण उभं केलं. आजच्या अंगणवाडीत तीन ते सहा वर्षांच्या मुलांना गरम ताजा आहार देण्याची तरतूद आहेच. मदतनीस ताईंनी त्यातलं वाटीभर पीठ आधी मुलांच्या हाती द्यावं.