कत्तलखान्याला कळतं ते मेंढपाळाला कळेल का?

ऑस्ट्रेलियातल्या कत्तलखान्यांत कधी कधी मेंढीच्या हृदयात, श्वासपटलात आणि मांसात बारीक पांढुरक्या गाठी सापडतात. मेंढ्यांचा गोवर असं त्याचं चालू नाव आहे, पण गोवराशी त्याचा संबंध नाही. कुत्र्याच्या आतड्यात राहणाऱ्या एका पट्टकृमीच्या या अळ्या. कुत्र्याच्या विष्ठेतून अंडी गवतावर पडतात, मेंढी ते गवत चरते आणि अळ्या रक्तावाटे स्नायूंत जाऊन बसतात. माणसाला यापासून धोका नाही. पण असं मांस कोणी विकत घेणार नाही, म्हणून तेवढा भाग कापून टाकतात. गाठी फार असतील तर अख्खं धड बाद होतं.

गंमत म्हणजे जिवंत मेंढीत याचं एकही लक्षण दिसत नाही. ती चरते, वाढते, चांगल्या भावाने विकली जाते. उपाय अगदी स्वस्त आहे: कुत्र्यांना दर महिन्याला जंतनाशक गोळी द्यायची आणि कच्चं मांस घालायचं नाही. घालायचंच असेल तर उणे १० अंशांखाली १० दिवस गोठवून मग घालायचं. पण हे करायचं कोणी? ज्याच्या कुत्र्यामुळे रोग झाला त्याला रोग झाल्याचंच माहीत नाही आणि ज्याला गाठी दिसल्या त्याचा त्या कुत्र्याशी काही संबंध नाही.

मेंढीच्या धंद्यातली मूळ अडचण ही आहे. मेंढी शेतावरून बाजारात, बाजारातून कत्तलखान्यात आणि तिथून दुकानात जाते. तिच्याविषयी सर्वांत जास्त कळतं ते शेवटच्या टप्प्यावर आणि सगळे महत्त्वाचे निर्णय मात्र पहिल्या टप्प्यावर झालेले असतात. म्हणून माहितीला मांसाच्या उलट दिशेने प्रवास करावा लागतो. ऑस्ट्रेलियात २००७ पासून एक राष्ट्रीय उपक्रम हेच करतो. निवडक कत्तलखान्यांतले तपासनीस कोणते रोग दिसले त्याची नोंद करतात आणि ती पशुपालकापर्यंत पोचवली जाते.

मात्र बरीच वर्षं ही नोंद कळपापुरतीच राहिली. कानातल्या बिल्ल्यावर शेताचा क्रमांक असे, त्या विशिष्ट मेंढीचा नसे. चारशे मेंढ्यांपैकी तीस रोगट निघाल्या हे कळे. त्या तीस कोणत्या, कोणत्या कुरणात चरलेल्या, कोणत्या मेंढ्याची पिल्लं, हे कळत नसे. आता प्रत्येक मेंढीला स्वतंत्र क्रमांकाचा इलेक्ट्रॉनिक बिल्ला मारतात. व्हिक्टोरिया राज्याने २०१७ पासून जन्मलेल्या मेंढ्यांना तो सक्तीचा केला. १ जानेवारी २०२५ नंतर जन्मलेल्या मेंढ्यांसाठी ती सक्ती देशभर आहे. सुमारे सात कोटी मेंढ्यांच्या देशात यावर कुरकुर झालीच. बिल्ल्याचा खर्च शेतकऱ्याच्या माथी आणि फायदा कोणाचा, हा त्यांचा सवाल रास्तच होता.

या सक्तीमागे मांसाच्या प्रतीपेक्षा साथीची धास्ती जास्त आहे. ब्रिटनमध्ये २००१ साली लाळ्या-खुरकूत पसरला तो मुख्यतः मेंढ्यांच्या बाजारांतून. मेंढीत या रोगाची लक्षणं इतकी सौम्य असतात की कोणाच्या लक्षात येत नाहीत. रोगाचं निदान होऊन वाहतूक थांबेपर्यंत हेक्सम आणि लाँगटाउनच्या बाजारांतून बाधित मेंढ्या दूरदूर गेल्या होत्या. त्या कुठे गेल्या हे शोधायला कागद आणि आठवणी एवढंच हाताशी. अखेर साठ लाखांहून जास्त जनावरं मारावी लागली.

पैदाशीचं कोडं त्याहून रंजक आहे. कोणत्या मेंढ्याच्या पिल्लांचं मांस चवदार निघेल हे त्या मेंढ्याकडे पाहून कळत नाही आणि त्याला कापून पाहिलं तर पैदास संपली. म्हणून त्याच्या पिल्लांच्या धडांची मोजमापं घ्यायची आणि त्यांवरून बापाची किंमत ठरवायची. १९८९ मध्ये सुरू झालेली ‘लॅम्बप्लॅन’ ही ऑस्ट्रेलियातली नोंदव्यवस्था अशा मोजमापांतून पैदास-मूल्यं काढते. त्यातून एक नकोशी गोष्ट पुढे आली. कमी चरबीच्या, जास्त मांसाच्या मेंढ्या निवडत गेलं की स्नायूंच्या धाग्यांमधली चरबीही घटते आणि मांस कोरडं, चिवट लागतं. कापणाऱ्याला जे हवं आणि खाणाऱ्याला जे हवं त्यांत भांडण आहे! दोन्ही मोजमापं एकत्र ठेवली तरच दोन्हींत बरा असणारा मेंढा सापडतो. एकट्या शेतकऱ्याला किंवा एकट्या कत्तलखान्याला हे जमणारं नाही. मोजायची साधनं आली आहेत. दोन वेगवेगळ्या ऊर्जांचे क्ष-किरण धडातून सोडले की हाड, मांस आणि चरबी वेगळी ओळखता येते.

तरी माहिती सहज वाटली जात नाही. माझा माल कसा आहे हे कत्तलखान्याला माझ्याआधी कळलं तर तो भाव पाडेल, ही शेतकऱ्याची भीती निराधार नाही. तिथल्या शेतकरी महासंघाने २०२० मध्ये शेतीच्या माहितीसाठी आचारसंहिता केली. माहिती कोण, कशासाठी वापरणार हे आधी सांगावं आणि शेतकऱ्याला स्वतःची माहिती परत मिळावी, असा तिचा रोख आहे. पण ती ऐच्छिक आहे. माझ्या मते खरा बदल होतो तो चांगल्या धडाला जास्त भाव मिळू लागल्यावर. मग शेतकरी आकडे स्वतःहून मागतो.

आपल्याकडेही अशा नोंदींची एक छोटी, चांगली परंपरा आहे. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने बंगालच्या गरोल मेंढीतलं जुळी देणारं जनुक दख्खनी मेंढ्यांत आणलं, तेव्हा ऑस्ट्रेलियाचं सहकार्य होतं. (तिथल्या बुरूला मेरिनो मेंढ्यांत हेच जनुक आहे आणि तेही बंगालमधूनच गेलेलं.) या मेंढ्या संस्थेबाहेर, मेंढपाळांच्या खांडांतही (कळपांतही) कशा टिकतात, किती कोकरं देतात, याच्या नोंदी ठेवल्या गेल्या.

बाजारात मात्र मेंढी अजून कंबर चाचपून आणि नजरेनेच विकली जाते. ‘भारत पशुधन’ या सरकारी पशुनोंदणीच्या बारा अंकी बिल्ल्यावर लसीकरणाची, मालकीची नोंद होते. कापल्यानंतर काय दिसलं, हे त्यात आलं पाहिजे. मुंबईत देवनारच्या कत्तलखान्यात पशुवैद्य तपासणी करतातच. यकृत-फुप्फुसातले हायडॅटिडचे फुगे त्यांना दिसतात. हाही कुत्र्याच्याच पट्टकृमीचा रोग, पण हा माणसालाही होतो. त्या निरीक्षणाला बिल्ल्याचा क्रमांक जोडला तर कोणत्या तालुक्यात कुत्र्यांना औषध द्यायचं ते कळेल. नोंदवही देशभराची असल्यामुळे जनावर राजस्थानातून आलं तरी अडू नये. अडेल ते मधल्या व्यापाऱ्यापाशी. त्याने तीन-चार खांडांतली जनावरं एकाच ट्रकमध्ये भरलेली असतात आणि कोणतं कोणाचं हे उघड होण्यात त्याला आज तरी एक पैसाही मिळत नाही.