यंत्रवाचन

महाजालावरील मजकूर वाचून त्यातून जगाविषयीची माहिती संगणकाने आपणहून गोळा करावी, यासाठीची पद्धत. पूर्वी तज्ज्ञ मंडळी एकेक विधान हाताने भरत. ते काम संपणारे नव्हते. १९९२ मध्ये संगणकशास्त्रज्ञ मार्टी हर्स्ट यांनी ठरावीक वाक्यरचना हेरण्याची युक्ती मांडली. ‘कृष्णा, कोयना, वेण्णा यांसारख्या नद्या’ एवढे वाचले की तिन्ही नावे नद्यांची, हे बाकीचे वाक्य न समजताही काढता येते. जानेवारी २०१० मध्ये कार्नेगी मेलन विद्यापीठात टॉम मिचेल यांच्या गटाने रात्रंदिवस वाचत राहणारी ‘नेल’ ही प्रणाली सुरू केली. दिलेल्या थोड्या उदाहरणांवरून ती रचना शोधी, आणि त्या रचनांवरून नवी उदाहरणे.

खरी मेख या चक्रातच आहे. समजा, सातारा-सांगलीकडचा मजकूर वाचायला दिला आणि कृष्णा व कोयना या नद्या, एवढेच आधी सांगून ठेवले. ‘कराडला कृष्णा-कोयनेचा संगम होतो’ यावरून यंत्र ‘अमुक-तमुकचा संगम’ ही रचना उचलते. तिच्या जोरावर माहुलीची वेण्णा आणि हरिपूरची वारणा बिनचूक सापडतात. पुढे एखाद्या सोहळ्याच्या बातमीत ‘भक्ती-शक्तीचा संगम’ येतो आणि भक्तीही नदी ठरते. मग भक्तीभोवतीच्या रचना नद्यांच्या खाती जातात, चूक चुकीला जन्म देते. ‘नेल’ने इंटरनेटवरच्या कुकीज अशाच बिस्किटांच्या वर्गात घातल्या होत्या. उपाय म्हणून वर्गांना परस्परांचे बंधन घालतात, म्हणजे भावना असेल ते नदी असू शकत नाही. शिवाय अधूनमधून माणसाची नजर लागतेच.

मराठीत ‘कोयनेचा’मधून कोयना आणि ‘साताऱ्याहून’मधून सातारा सोडवून घेण्याचे कामही पडते.

पुढचा शब्द ओळखण्याच्या सरावातून शिकणारी आजची भाषा-प्रारूपे अशी विधाने वेगळी नोंदवत नाहीत, पण त्यांचीही भिस्त लिहिलेल्यावरच. म्हणून वाईहून निघालेल्या मराठी विश्वकोशाच्या नोंदी महाजालावर असणे फार मोलाचे आहे. जे कुणी लिहीतच नाही, ते यंत्राला कळायचे कसे? पावसाळ्यात ‘आयर्विनला पाणी ४५ फुटांवर’ एवढी ओळ सांगलीकराला पुरते. आयर्विन हा पूल, पाणी कृष्णेचे आणि ४५ फूट ही धोक्याची पातळी, हे त्या ओळीत नाही. यंत्राला ते दुसऱ्या कुठल्या तरी पानावर सापडावे लागते.