पुरवठादारांसह उत्सर्जन कपात

पुरवठादारांसह उत्सर्जन कपात : एखादी कंपनी ज्यांच्याकडून कच्चा माल, सुटे भाग, वाहतूक किंवा सेवा विकत घेते, त्यांच्याकडे होणारे हरितगृह वायूंचे उत्सर्जन कमी व्हावे म्हणून तिने त्यांच्याबरोबर केलेले काम. माहिती मागवणे, तांत्रिक मदत, स्वच्छ विजेची सामायिक खरेदी, स्वस्त भांडवल आणि खरेदीच्या अटींतील बदल हे त्याचे मुख्य प्रकार आहेत. प्रत्यक्षात बहुतेक कंपन्या पहिल्या प्रकारापाशीच रेंगाळतात. पुरवठादाराला एक लांबलचक तक्ता पाठवला जातो, तो कसाबसा भरून परत येतो आणि भट्टी होती तशीच पेटत राहते.

पार्श्वभूमी : कंपन्यांच्या उत्सर्जनाची आजची हिशेबपद्धती ग्रीनहाउस गॅस प्रोटोकॉल या नियमावलीतून आली. तिची पहिली आवृत्ती २००१ साली निघाली. तिच्यानुसार कंपनीने स्वतः जाळलेले इंधन स्कोप १ मध्ये, विकत घेतलेली वीज स्कोप २ मध्ये आणि बाकीचे सारे स्कोप ३ मध्ये मोडते. स्कोप ३ साठी स्वतंत्र मानक २०११ मध्ये आले. त्यात १५ गट आहेत : माल कंपनीत येईपर्यंतचे ८ आणि माल कंपनीतून बाहेर पडल्यानंतरचे ७. पुरवठादारांचा संबंध मुख्यतः पहिल्या आठांशी येतो. २०१५ मध्ये सुरू झालेल्या, कंपन्यांची कपातीची उद्दिष्टे तपासणाऱ्या सायन्स बेस्ड टार्गेट्स इनिशिएटिव्हने एकूण उत्सर्जनाच्या ४० टक्के किंवा त्याहून अधिक भाग स्कोप ३ चा असेल, तर त्याचेही उद्दिष्ट ठरवण्याची अट घातली. तेव्हापासून हा विषय पर्यावरण विभागाच्या अहवालातून खरेदी विभागाच्या टेबलावर येऊ लागला.

एकाचा स्कोप १ हा दुसऱ्याचा स्कोप ३ असतो, हे या हिशेबाचे वैशिष्ट्य. ओतशाळेत, म्हणजे धातू वितळवून साच्यात ओतणाऱ्या कारखान्यात, जळलेला कोक (कोळशापासून केलेले इंधन) ओतशाळेच्या खात्यात स्कोप १ म्हणून येतो आणि तिचे कास्टिंग (ओतीव भाग) घेणाऱ्या वाहन कंपनीच्या खात्यात स्कोप ३ म्हणून. म्हणून सगळ्या कंपन्यांचे स्कोप ३ एकत्र करून देशाचे उत्सर्जन काढता येत नाही. ही दुहेरी नोंद मुद्दाम ठेवलेली आहे. एकाच धुराची जबाबदारी दोघांनी घ्यावी, हा तिचा हेतू.

कोल्हापूरच्या ओतशाळांचे उदाहरण : ही गोष्ट अमूर्त राहू नये म्हणून बिडाच्या (ओतीव लोखंडाच्या) कास्टिंगचे उदाहरण घेऊ. कोल्हापूर परिसरात शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागल-हातकणंगले या औद्योगिक वसाहतींत मिळून तीनशेच्या आसपास ओतशाळा आहेत. शेतीपंपांच्या ऑइल इंजिनांपासून वाढलेला हा धंदा आज वाहने, ट्रॅक्टर, पंप आणि व्हॉल्व्ह यांचे भाग ओततो. त्यातला बराच माल पुणे-पिंपरी-चाकणच्या पट्ट्यात जातो.

विजेवर चालणाऱ्या इंडक्शन भट्टीत एक टन बीड वितळवायला साधारण ६०० युनिट वीज लागते असे धरू. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या आकडेवारीनुसार भारतीय ग्रिडमधील एका युनिटमागे सुमारे ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. म्हणजे एक टन वितळलेल्या धातूमागे ४२० किलो. पण वितळलेला सगळा धातू कास्टिंगमध्ये जात नाही. काही साच्यातल्या धातूच्या वाटांत (रनर) आणि जादा धातूच्या साठ्यांत (रायझर) अडकतो, तोडून पुन्हा भट्टीत टाकावा लागतो. वितळलेल्या धातूपैकी जेवढा वाटा कास्टिंगमध्ये उतरतो, त्याला फाउंड्रीवाले (ओतशाळावाले) यील्ड म्हणतात. यील्ड ६० टक्के असेल, तर एक टन चांगल्या मालासाठी १,००० युनिट जळतात आणि ७०० किलो उत्सर्जन होते. तेच यील्ड ७० टक्क्यांवर गेले, तर ८५७ युनिट आणि ६०० किलो. कोणतेही नवे यंत्र न घेता टनामागे १०० किलोंची बचत होते, वीजबिलही उतरते. रिजेक्शन (नापास माल) कमी झाले, तर त्यात आणखी भर पडते.

मग हे आधीच का झाले नाही? कारण यील्ड एकट्या ओतशाळेच्या हातात नसते. ड्रॉइंग ग्राहकाचे, साचा बनवण्याचा नमुना, म्हणजे पॅटर्नही, बहुधा ग्राहकाच्या मालकीचा. भागाची जाडी, मशीनिंगसाठी सोडलेली जादा धातू, कोपऱ्यांचे वळण हे सारे पुण्यातल्या डिझाइन विभागात ठरते. गेटिंग (धातू साच्यात शिरण्याची वाट) बदलायचे किंवा चार्जमधील (भट्टीत टाकायच्या मालातील) मिश्रण बदलायचे, तर भागाची मंजुरी पुन्हा घ्यावी लागते : नमुने, चाचण्या, कागदपत्रे आणि ग्राहकाच्या गुणवत्ता विभागाची सही. ही सही महिनोन्महिने अडकली, की फाउंड्रीवाला नाद सोडतो. ग्राहक कंपनीला खरोखर काही करायचे असेल, तर तिने कार्बनचा तक्ता पाठवण्याआधी आपल्या डिझाइन आणि गुणवत्ता विभागातील दोन माणसे आठवडाभर शिरोलीला पाठवावीत. त्यातून जास्त निघेल.

दुसरा मुद्दा चार्जचा. भट्टीत स्टीलचा भंगार, स्वतःचे रिटर्न (तोडलेले रनर-रायझर) आणि पिग आयर्न (कच्चे लोखंड) असे मिश्रण पडते. झोतभट्टीत तयार झालेल्या पिग आयर्नच्या दर टनामागे ढोबळमानाने दीड ते दोन टन कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. चार्जमध्ये ते २० टक्के असले, तरी दर टनाला ३०० ते ४०० किलो होतात, म्हणजे जवळजवळ विजेइतकेच. भंगाराचे प्रमाण वाढवून कार्बन वेगळा घातला, तर पिग आयर्न घटवता येते. मात्र त्यासाठी भंगार चांगल्या प्रतीचा हवा. इथेही मोठ्या कंपनीला एक सोपी वाट आहे. तिच्याच प्रेसशॉपमधून निघणारे पत्र्याचे तुकडे नेमक्या प्रतीचे, स्वच्छ असतात. ते लिलावात विकण्याऐवजी आपल्याच ओतशाळांकडे वळवता येतात.

कोकवर चालणारी जुनी क्युपोला भट्टी बंद करून इंडक्शन बसवली, की काम झाले असा एक समज आहे. हिशेब तितका सरळ नाही. आठ टन धातूमागे एक टन कोक खाणारी चांगली चालवलेली क्युपोला टनाला ३८० किलोंच्या आसपास उत्सर्जन करते. वरच्या ४२० किलोंच्या तुलनेत हा आकडा कमीच आहे. अर्थात कोक तयार करतानाचे उत्सर्जन त्यात धरलेले नाही, आणि परिसराच्या हवेचा विचार केला तर इंडक्शन निर्विवाद बरी. पण हवामानाच्या दृष्टीने तिचा खरा फायदा तिला मिळणारी वीज स्वच्छ झाल्यावरच दिसतो.

याउलट डोळ्यांत भरणारा ट्रकचा धूर हिशेबात किरकोळ ठरतो. कोल्हापूर ते पुणे सुमारे २३० किलोमीटर. दहा टन माल नेणाऱ्या ट्रकला एका खेपेत साठेक लिटर डिझेल लागले आणि लिटरमागे २.७ किलो धरले, तर टनाला १६ किलो होतात. गाडी रिकामी परतली, तरी तीसच्या आत. परतीचा भाडा मिळवणे, लाकडी खोक्यांऐवजी परतीच्या लोखंडी ट्रॉल्या वापरणे हे जरूर करावे, पण वार्षिक अहवालातील छायाचित्रांपुरते तेवढेच करून थांबू नये.

वीज : लहान पुरवठादाराला सौरवीज परवडत नाही असे नाही. अडचण व्यवहाराच्या आकाराची असते. छतावरील पॅनेलवर इंडक्शन भट्टी चालत नाही, तिचा भार मोठा असतो. बाहेरच्या सौर किंवा पवन प्रकल्पातून ग्रिडमार्फत वीज घ्यावी लागते. केंद्राच्या २०२२ च्या हरित ऊर्जा मुक्त प्रवेश नियमांनी त्यासाठी लागणाऱ्या वीजभाराची किमान मर्यादा १ मेगावॉटवरून १०० किलोवॉटवर आणली. विद्युत नियम २००५ नुसार सामूहिक कॅप्टिव्ह (स्वतःच्या वापरासाठीचा) प्रकल्पही उभारता येतो. वीज वापरणाऱ्यांनी मिळून किमान २६ टक्के भागभांडवल घ्यायचे आणि किमान ५१ टक्के वीज वापरायची, अशी अट आहे. दहा-वीस ओतशाळा एकत्र आल्या, तर हे जमण्यासारखे आहे. अडते ते मुदतीवर. वीजखरेदीचा करार दहा-पंधरा वर्षांचा आणि कास्टिंगची ऑर्डर मात्र वर्षाची, तीही वेळापत्रक कधीही बदलेल या अटीवर. बँकेला पहिला करार दाखवायचा, तर हातात दुसराही तसाच लांबचा हवा.

परदेशातील मोठ्या खरेदीदारांनी ही गाठ सोडवण्याचे काही प्रयत्न केले आहेत. अॅपलने २०१५ मध्ये पुरवठादारांसाठी स्वच्छ ऊर्जा कार्यक्रम सुरू केला. पुढे तीनशेहून अधिक पुरवठादारांनी अॅपलसाठीचे उत्पादन अक्षय विजेवर करण्याची हमी दिली. २०१८ मध्ये चीनमध्ये अॅपल आणि तिच्या काही पुरवठादारांनी मिळून अशा प्रकल्पांसाठी गुंतवणूक निधीही काढला. आयकियाने २०२१ मध्ये पोलंड, चीन आणि भारत या तीन देशांतील पुरवठादारांपासून सुरुवात करून त्यांना अक्षय वीज मिळवून देण्याची योजना आखली. औषधनिर्मितीतील अनेक कंपन्यांनी त्याच वर्षी एनर्जाइझ या नावाने एकत्र येऊन आपल्या पुरवठादारांना वीजखरेदीचे मार्गदर्शन देऊ केले. यातील शहाणपण असे, की एकाच पुरवठादाराकडून माल घेणारे स्पर्धकही इथे एका बाजूला येतात. नाहीतर एकाच ओतशाळेला पाच ग्राहकांचे पाच वेगळे तक्ते भरावे लागतात.

पैसा : वॉलमार्टने २०१७ मध्ये प्रोजेक्ट गिगाटन जाहीर केला. २०३० पर्यंत पुरवठा साखळीतील १ अब्ज टन उत्सर्जन टाळण्याचे त्याचे उद्दिष्ट होते. ते मुदतीआधीच गाठल्याचे कंपनीने २०२४ मध्ये सांगितले. हे आकडे पुरवठादारांनी स्वतः कळवलेल्या ‘टाळलेल्या’ उत्सर्जनाची बेरीज आहेत, हे ध्यानात ठेवले पाहिजे. टाळलेले म्हणजे एरवी झाले असते त्या अंदाजापेक्षा कमी, घटलेले म्हणजे आधीपेक्षा प्रत्यक्ष कमी; या दोन्हींत फरक असतो. त्या कार्यक्रमातील जास्त शिकण्यासारखा भाग दुसराच होता. २०१९ मध्ये एचएसबीसी बँकेबरोबर केलेल्या व्यवस्थेत चांगली प्रगती दाखवणाऱ्या पुरवठादाराला बिलाचे पैसे लवकर आणि कमी व्याजाने मिळू लागले.

भारतातील लघुउद्योगासाठी हा मुद्दा कळीचा आहे. २००६ च्या कायद्यानुसार सूक्ष्म आणि लघु उद्योगाचे बिल जास्तीत जास्त ४५ दिवसांत चुकते करावे लागते. तसे न केल्यास खरेदीदाराला त्या वर्षी आयकरात त्या खर्चाची वजावट मिळत नाही, अशी तरतूद २०२३-२४ पासून लागू झाली. बिले बँकांकडे वटवण्यासाठी रिझर्व्ह बँकेच्या परवान्याने चालणारे ट्रेड्स मंचही आहेत. ज्याचे पैसे चार महिने अडकतात तो नवी भट्टी घेत नाही, जुन्या भट्टीला लायनिंग (आतले अस्तर) मारून चालवतो. उर्जाबचतीच्या यंत्रांसाठी ऊर्जा दक्षता ब्यूरोची २०२५ मधील अडीटी योजना सूक्ष्म आणि लघु उद्योगांना कर्जावर ५ टक्के, तर मध्यम उद्योगांना ३ टक्के व्याजसवलत देते. ओतशाळांसारख्या ऊर्जाखाऊ उद्योगांसाठीच ती आखलेली आहे. ग्राहक कंपनीने पुढच्या तीन वर्षांच्या मागणीचे पत्र दिले, तर अशी कर्जे मिळणे सुकर होते, आणि त्यासाठी कंपनीला एक रुपयाही खर्च येत नाही.

कंपनीच्या आतला हिशेबही बदलता येतो. महिंद्रा अँड महिंद्राने २०१६ मध्ये टनामागे १० डॉलर अशी अंतर्गत कार्बन किंमत, म्हणजे उत्सर्जनावर कंपनीने स्वतःच लावलेली किंमत, ठरवली. अशी किंमत कोटेशनच्या तुलनेत धरली, तर जरा महाग पण स्वच्छ माल देणारा व्हेंडर (पुरवठादार) शर्यतीत टिकतो. ती धरली नाही, तर खरेदी अधिकाऱ्याची बढती फक्त दर पाडण्यावर ठरते.

माहितीची अडचण : पुरवठादाराचे खरे आकडे नसतात, तेव्हा कंपन्या खर्चावरून अंदाज बांधतात : अमुक रुपयांचे कास्टिंग म्हणजे अमुक टन उत्सर्जन. या पद्धतीत एक गंमत आहे. स्वच्छ मालासाठी जास्त दर दिला, की कागदावर उत्सर्जन वाढते, आणि दर पाडला की घटते. म्हणून खरे वीजबिल, इंधन आणि चार्जचे आकडे हवेत. ते द्यायला मात्र व्हेंडर कचरतो, आणि त्याचे कारण त्याच्या अनुभवात आहे. युनिट आणि टनेज एकत्र दिसले, की त्याचा उत्पादनखर्च उघडा पडतो आणि पुढच्या दरबैठकीत त्याच आकड्यांवर बोट ठेवले जाते. वाहन उद्योगात दरवर्षी भाव थोडा कमी करून मागण्याची रीतच आहे. त्यामुळे आकडे खरेदी विभागाला न दाखवता तिसऱ्या संस्थेकडे ठेवणे आणि बचतीतील वाटा व्हेंडरकडे राहील असे लेखी देणे, या दोन गोष्टींशिवाय खरी माहिती सहसा मिळत नाही.

नियम : युरोपीय संघाची सीमा कार्बन आकारणी (आयात मालाच्या उत्सर्जनावरील शुल्क) १ ऑक्टोबर २०२३ पासून अहवालापुरती आणि १ जानेवारी २०२६ पासून प्रत्यक्ष लागू झाली. पोलाद, अॅल्युमिनियम, सिमेंट, खते, हायड्रोजन आणि वीज यांबरोबरच बोल्ट, पाइप फिटिंग अशा काही तयार लोखंडी वस्तूही तिच्या कक्षेत आहेत. खरे आकडे दिले नाहीत, तर ठरावीक चढे आकडे धरले जातात. डिसेंबर २०२४ मध्ये केंद्रीय पोलाद मंत्रालयाने हरित पोलादाची व्याख्या केली. तयार पोलादाच्या टनामागे २.२ टनांपेक्षा कमी उत्सर्जन असेल, तरच ते हरित. त्यात तारांकित श्रेणी आहेत. त्यामुळे खरेदीच्या ऑर्डरमध्ये ‘चार तारांकित’ असे लिहिण्याची सोय झाली.

सेबीच्या जुलै २०२३ च्या परिपत्रकाने बाजारमूल्यानुसार पहिल्या २५० सूचिबद्ध कंपन्यांनी आपल्या मूल्यसाखळीची (पुरवठादार आणि ग्राहकांची) माहिती द्यावी, असे ठरले होते. मार्च २०२५ मध्ये ही मुदत एक वर्षाने पुढे ढकलून माहिती देणे ऐच्छिक करण्यात आले. एकूण खरेदी किंवा विक्रीत ज्याचा वाटा २ टक्के किंवा अधिक आहे, तोच भागीदार त्यात मोजायचा. मोठ्या वाहन कंपनीच्या खरेदीत हा २ टक्क्यांचा उंबरठा ओलांडणारी कोल्हापुरातली ओतशाळा सापडणे कठीण. पोलाद कारखाना आणि टायर कंपनी त्यात येतात, आणि त्यांच्याकडे हिशेब ठेवायला माणसे आधीपासूनच असतात.